आपटे काकूंची टोपीवाली

समस्त मराठी वाचकांस नम्र निवेदन. सर्वांनी कृपया बसून घ्यावं, हातातला कप खाली ठेवावा, आणि घरात वडीलधारी माणसं असतील तर त्यांनाही बोलावून घ्यावं. पुढे जाहीर करण्यात येत असलेली बाब अत्यंत गंभीर आहे. तिच्यापुढे जागतिक मंदी, युरोपचं राजकारण आणि कॉर्क शहरातल्या बसचं वेळापत्रक ही सगळी किरकोळ प्रकरणं समजावीत. बाब अशी, की आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्क बंदराच्या काठावरल्या एका जुन्या हवेलीत, जिन्याच्या वरच्या भिंतीवर एक इंग्रज बाई टांगलेली आहे. तिच्या डोक्यावर परातीएवढी टोपी आहे. ती टोपी, टोपीखालची बाई, बाईचा निळसर रेशमी झगा आणि तिच्या ओठांवरचा 'मला सगळं माहीत आहे' असा भाव, यांतलं काहीही एडमंड लॅम्बर्ट नावाच्या गृहस्थानं रंगवलेलं नाही. नाही म्हणजे नाही.

हे मी म्हणत नाही. आपटे काकू म्हणायच्या. पण त्यांनी ते इतक्या वेळा, इतक्या लोकांना आणि इतक्या संतापानं सांगितलं, की आता माझंही रक्त त्या नावानं तापतं. एडमंड लॅम्बर्टला जाऊन सव्वादोनशे वर्षं झाली असतील. तरी तो समोर आला तर मी त्याच्याशी बोलणार नाही.

आपटे काकू म्हणजे आमच्या मिलिंदची आई. मिलिंद आणि मी रिंगास्किडीच्या एकाच औषध कारखान्यात, आणि कॉर्कमध्ये आमची घरंही समोरासमोर. काकू सांगलीच्या. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. २०१५च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आल्या, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. उंची बेताची, सुती साडी, साडीवर मिलिंदचा गुडघ्यापर्यंत येणारा रेनकोट, पायात नातीचे जांभळे बूट. पर्समध्ये रुमाल, खडीसाखर आणि टोक केलेली पेन्सिल. ही पेन्सिल लिहायला नव्हती. काकू एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीनं माणसं मोजायच्या, कुणाच्या उंचीत त्याची स्वतःची किती डोकी बसतात ते. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या एका धिप्पाड पाद्र्याला त्यांनी असं मोजलं, आणि तो अस्वस्थ होऊन पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेला.

"साडेसहा डोकी," काकू मला म्हणाल्या. "झग्यामुळं उंच वाटतोय."

सांगलीकडच्या रीतीप्रमाणे त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. इथं वाढलेल्या नातीला मराठी समजायचं, पण तिचा गोंधळ उडाला. "डॅड, आज्जी बॉय आहे का?" तिनं भर जेवणात विचारलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "मुलगा असतो तर तुझ्या पणजोबांनी मला मुंबईला चित्रकला शिकायला पाठवलं असतं." मग भाताचा पुढचा घास घेतला. विनोद होता की तक्रार, हे काकूंच्या बाबतीत लगेच कळायचं नाही. बहुतेक वेळा तक्रार असायची.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "तोंड बघू नको, हात बघ." चित्रात चेहऱ्यासाठी सगळेच जीव तोडतात, हात मात्र कंटाळून उरकतात, म्हणून काढणारा कळतो तो हातात. त्या वर्षी आमच्या मराठी मंडळानं गणेशोत्सवाचं पोस्टर छापून आणलं. सगळ्यांनी वा वा केलं. काकूंनी चष्मा वर केला.

"याला चारही हात डावेच दिलेत."

मंडळाचे अध्यक्ष हसत म्हणाले, "काकू, कोण बघतंय एवढं!"

"तो बघतोय की!" काकू गणपतीकडे बोट दाखवून कडाडल्या. "आशीर्वाद द्यायचा कुठल्या हातानं त्यानं?" आणि हॉलमधले ढोल थांबवून, खुर्चीवर चढून, काळ्या मार्करनं त्यांनी देवाचे दोन हात उजवे करून दिले. अध्यक्षांनी खुर्ची धरली होती.

तर अशा बाईला त्या हवेलीत मी नेलं. चूक माझी. मिलिंदला रविवारी शिफ्ट होती, काकू घरात बसून कंटाळल्या होत्या, आणि हवेलीत जुनी चित्रं आहेत एवढंच मी ऐकून होतो.

हवेली एका गावसमितीच्या ताब्यात आहे. अध्यक्ष आणि वाटाड्या दोन्ही डिनीच. बँकेतून निवृत्त झालेला, हिरवा टाय, आवाज लोण्यासारखा. मनुष्य वाईट नव्हता, हे मला आज लिहितानाही नाइलाजानं कबूल करावं लागतं. त्यानं आम्हाला आणि दोन जर्मन पाहुण्यांना जिन्यावर नेलं आणि हात पसरले.

"आणि हे आमच्या घराचं रत्न! ही एडमंड लॅम्बर्टची बहीण. त्या काळी इंग्लंडमध्ये टोपी कशी घालायची हे हिच्याकडे बघून ठरायचं. एडमंड दारूचा व्यापारी. चित्र इंग्लंडमध्येच काढलं, मग ही हवेली वारशात मिळाली तेव्हा नवराबायको चित्र घेऊन इकडे आले. बघा, व्यापारी माणूस, पण हात काय होता!"

काकूंनी पेन्सिल काढली. एक डोळा मिटला. मग दोन्ही उघडून पार चित्राला नाक लागेपर्यंत जवळ गेल्या. पाच मिनिटं तिथंच. जर्मन लोक आदरानं बाजूला झाले.

"सतीश," त्या हळूच म्हणाल्या, "हे बाईनं काढलंय."

"कशावरून?"

"टाचणी बघ की."

मला टाचणी दिसेना. बाईच्या गळ्याभोवती झिरझिरीत पांढरा रुमाल होता, छातीशी खोचलेला. काकूंनी दाखवलं तिथं रुमालाच्या घड्या एका ठिपक्याकडे चिमटल्या होत्या. टाचणी रंगवलेलीच नव्हती. फक्त तिनं कापड कसं ओढलंय तेवढं रंगवलं होतं.

"पदराला पिन लावली की कापड असंच ओढून येतंय. बघणाऱ्याला ते दिसत नाही, लावणाऱ्याला माहीत असतंय. जिनं हे काढलं, तिनं रोज सकाळी आरशासमोर हे स्वतः केलंय. पुरुष असता तर इथं त्यानं एक हिरा चिकटवला असता. सांग त्याला."

मी डिनीला सांगितलं. तो गोड हसला. "शुअर लुक, खाली सही आहे ना. ई. लॅम्बर्ट. युअर मॅन पेंटेड इट."

आता इथं एक खुलासा करणं भाग आहे. आयर्लंडमध्ये 'युअर मॅन' म्हणजे तुमचा माणूस नव्हे. 'तो गडी', 'तो इसम' एवढाच त्याचा अर्थ. दुकानदार, पंतप्रधान, टीव्हीवरचा चोर, सगळेच इथं युअर मॅन. मला हे कळायला वर्ष लागलं होतं. काकूंना येऊन तीन आठवडे झाले होते. त्यांच्या कानांवर एवढंच पडलं, की तुमच्या यजमानांनी रंगवलं.

काकूंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"माय मॅन?" त्या ओरडल्या. "माय मॅन डिड नॉट पेंट! आय पेंटेड! ही ओन्ली सॅट ऑन द चेअर अँड सेड थँक यू!"

जिन्यात तो आवाज घुमला. जर्मन पाहुण्यांनी चित्राकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि एकानं माहितीपत्रक उघडून तारीख तपासली. डिनीला काही समजलं नाही. मलाही नाही.

आम्हाला खालच्या चहाच्या खोलीत आणून बसवलं ते ब्रीडानं. ब्रीडा ही खोली चालवायची. साठीची, रुंद खांद्यांची, सहसा न बोलणारी. तिनं चहा आणि स्कोन नावाचे इथले गोडसर पाव समोर ठेवले, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, "कुणी चेअरवर बसून थँक यू म्हटलं, ते विचार."

काकूंनी सांगितलं, मी भाषांतर केलं. त्यांचं माहेरचं नाव कुंदा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, शालिनी. नवरा श्रीपाद सखाराम आपटे. म्हणून ह्या शालिनी श्रीपाद आपटे. सासरी आल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी सासऱ्यांचं मोठं तैलचित्र काढलं. चार महिने, स्वयंपाक आटोपल्यावर, माजघरात. खाली सही केली इंग्रजीत, तेव्हाच्या चित्रकारांसारखी: एस. एस. आपटे. आणि नवऱ्याची आद्याक्षरंही नेमकी तीच.

"बैठकीत लावलं," काकू म्हणाल्या. "पहिलेच पाहुणे आले आणि ह्यांना म्हणाले, श्रीपादराव, काय हात आहे! मी पोहे घेऊन दारात उभा. वाटलं, आता हे सांगतील. हे खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, 'थँक यू. असंच आपलं, फावल्या वेळात.'"

"मग तुम्ही काय केलंत?"

"पोहे दिले."

ब्रीडानं माझं भाषांतर संपेपर्यंत ऐकलं. मग एक आयरिश शब्द उच्चारला, जो मी काकूंना सांगितला नाही. तिनं विचारलं, "आणि तुझं खरं नाव काय म्हणालीस?"

"कुंदा."

त्या दिवसापासून अख्ख्या आयर्लंडमध्ये काकूंना कुंदा म्हणणारी एकटी ब्रीडा. आम्ही सगळे काकूच म्हणायचो. त्यांचं काही नाव असेल, हा विचार आमच्या कुणाच्याही मनात आला नव्हता, हे इथं लाजेनं नोंदवतो.

चहा संपला तसा काकूंमधला तपास अधिकारी जागा झाला. "ह्या लॅम्बर्टची बायको कोण?"

"सोफिया," ब्रीडा म्हणाली. "तिची छोटी चित्रं आहेत की. टॉयलेटच्या पॅसेजमध्ये."

"कुठं?"

"टॉयलेटच्या पॅसेजमध्ये."

मी ते नाइलाजानं पुन्हा सांगितलं. काकूंनी उठून पदर खोचला. पॅसेजमध्ये, हात सुकवायच्या यंत्राशेजारी, खडूनं काढलेली मुलांची चार रेखाटनं होती. खाली सुबक सही: सोफिया हार्डिंग. लग्नाआधीची. काकूंनी चेहरे पाहिलेच नाहीत. एका मुलाच्या हातात सफरचंद होतं, त्याच्या अंगठ्यापाशी त्या थांबल्या. मग मला ओढत जिन्यावर नेलं आणि टोपीवालीच्या हातातल्या पंख्यावरचा अंगठा दाखवला. तसाच मागे वळलेला, नखावर तसाच उजेड. मला चित्रातलं काही कळत नाही, पण अंगठे दोन वेगळ्या माणसांनी काढलेले नव्हते, हे कारखान्यात आयुष्यभर कागदपत्रांतल्या चुका शोधणाऱ्या मलाही दिसलं.

"लग्नात हिचं नाव काय ठेवलं?" काकूंनी खाली येऊन विचारलं. "सोफियाचं एलिझा, एमिली, असं काहीतरी ठेवलं असणार. ई वरून. म्हणून ई. लॅम्बर्ट!"

डिनी तोवर खाली आला होता. तो जरा मोठ्यानंच हसला. "नाही हो मॅडम! आमच्याकडे लग्नात पहिलं नाव बदलत नाही. सोफिया ती सोफियाच राहिली. ती जरा रेखाटनं वगैरे करायची, एवढंच."

काकूंची ही चूक फक्त आपल्याच बाईच्या हातून होऊ शकते. जगातल्या सगळ्या नवऱ्या ताटातल्या तांदळातून नवं नाव घेऊन उठतात, असं त्यांनी धरलं होतं. क्षणभर त्या ओशाळल्या. डिनी वळला. आणि तेवढ्यात ब्रीडा बश्या पुसत म्हणाली, "माझ्या आजीला पत्रं यायची ती 'मिसेस डॅनियल' म्हणून. आजोबांचंच नाव, पुढं मिसेस. ती गेली तेव्हा पोस्टमननं विचारलं, तिचं स्वतःचं नाव काय होतं."

मी मराठीत सांगितलं. काकू नावं बोटांवर जुळवू लागल्या.

"म्हणजे मिसेस एडमंड? मिसेस ई.?" मग एकदम उसळून, "म्हणजे सगळंच नाव गेलं की! आमच्यात जुनं घेतात, पण निदान नवं तरी देतात!"

आणि त्या वयाच्या बाईला जितक्या वेगानं जिना चढता येतो त्याहून जास्त वेगानं त्या पुन्हा वर. सही चौकटीला अगदी चिकटून सुरू होत होती. "बघ. सही करताना माणूस डावीकडं दोन बोटं जागा सोडतो. मी पाचवीच्या पोरींना हेच शिकवत होतो. ही काय चौकटीला घासून सही करेल? ही चौकट मागाहून बसवलीय. ह्या सोनेरी लाकडाखाली मिसेस आहे. काढा म्हणावं चौकट."

डिनीनं चौकट काढली नाही. समितीची परवानगी हवी, विमा आहे, आणि मुख्य म्हणजे नवी माहितीपत्रकं नुकतीच छापून आली आहेत. हे शेवटचं कारण ऐकून काकूंना जे झालं त्याला राग म्हणणं कमीपणाचं होईल. सव्वादोनशे वर्षं एका बाईचं काम नवऱ्याच्या नावावर, आणि आता ते दुरुस्त का करता येत नाही, तर पत्रकं छापून झालीत! मी स्वतः कागदपत्रांच्या धंद्यात असून मला त्या दिवशी कागदाचा तिटकारा आला.

काकूंनी समितीला पत्र लिहिलं. मजकूर त्यांचा, टायपिंग माझं. चार पानं, टाचणीची आणि अंगठ्याची आकृती जोडून. आठवड्यानं दोन ओळींचं उत्तर आलं. त्यात होतं, "दॅट्स ग्रँड, वी विल हॅव अ लुक." काकूंनी ते पत्र देवापुढे ठेवलं आणि नातीला पेढे आणायला पाठवलं.

"ग्रँड म्हणतायत! भव्य!"

आता त्यांना कोण सांगणार, की इथं ग्रँड म्हणजे 'बरं बरं'. पाऊस थांबला तरी ग्रँड, थांबला नाही तरी ग्रँड. मी नाही सांगितलं. मिलिंदनं सांगितलं. काकू दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, जणू तो शब्द त्यानंच स्वस्त केला होता. नव्वद दिवस संपले, त्या सांगलीला परत गेल्या.

२०१६मध्ये आल्या त्या विमानतळावरून थेट हवेलीत जायला निघाल्या होत्या. मिलिंदनं जेमतेम घरी आणलं. पुढच्या रविवारी पाहतो तर चित्र तिथंच, पाटी तीच: एडमंड लॅम्बर्ट. मग काकू स्वतःच चित्राशेजारी उभ्या राहू लागल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "प्लीज नोट. लेडी पेंटेड बाय लेडी." डिनीनं नम्रपणे सांगितलं, की नोंदणी नसलेल्या व्यक्तीनं माहिती देऊ नये. काकूंनी तितक्याच नम्रपणे नमस्कार केला, खाली गेल्या आणि ब्रीडाकडून एप्रन घेतला. चहा द्यायला नोंदणी लागत नव्हती. त्या उन्हाळ्यात हवेलीतला प्रत्येक पाहुणा स्कोनबरोबर सोफियाची हकिगत खाऊन गेला. काकूंच्या इंग्रजीत जिथं खड्डे पडायचे तिथं ब्रीडा एखादा शब्द टाकायची. हळूहळू ती वाक्यं टाकू लागली.

"आयुष्यात एकदाच पोळी लाटली आणि ती गोल आली, असं कुठं असतंय?" काकू मला विचारायच्या. "ह्या एडमंडचं दुसरं चित्र नाही, साधं रेखाटन नाही. एकच काढलं आणि असं काढलं? विचार त्या डिनीला."

विचारलं. डिनी म्हणाला, "जीनियस."

डिनीनं एकदा मिलिंदला फोनही केला. तक्रार म्हणून नाही, इथं कुणी तक्रार करत नाही. फक्त, तुमच्या आई फार उत्साही आहेत, असं म्हणाला. मिलिंद त्या संध्याकाळी आईला म्हणाला, "आई, आपण इथं परके आहोत गं. जरा सांभाळून."

"ती पण परकीच होती," काकू म्हणाल्या. "इंग्लंडहून आणून टाकली इथं."

२०१७ गुडघ्याच्या ऑपरेशनात गेलं. २०१८च्या हिवाळ्यात हवेलीचं छप्पर गळलं, आणि जे काकूंच्या चार पानांना जमलं नाही ते पाण्यानं एका आठवड्यात केलं. ओल चित्राच्या कडेला पोचली. समितीनं घाबरून डब्लिनहून चित्रं दुरुस्त करणारी एक तज्ज्ञ मुलगी बोलावली. तिनं पहिलं काम केलं ते चौकट उतरवण्याचं. सोनेरी लाकडाखाली, डावीकडे बरोबर दोन बोटं जागा सोडून, तपकिरी रंगात तीन अक्षरं होती. मिसेस.

ब्रीडानं मला फोन केला, मी सांगलीला केला. बातमी एका दमात सांगून टाकली.

"काकू? ऐकताय ना?"

"ऐकतोय," काकू म्हणाल्या. आवाज ओला होता, पण वाक्य नव्हतं. "आता पाटीवर काय लिहितायत ते बघ. मी येतो."

आल्या. उन्हाळा लागताच, काठी घेऊन आल्या. चित्राच्या पुन्हा अनावरणाचा समारंभ त्यांच्या परतीच्या दोन दिवस आधी ठरला होता. सकाळी मिलिंदनं आईचे दोन्ही हात धरले. "आई, तुझं खरं ठरलं. सगळं गाव येणार आहे. आज फक्त एक कर. काही बोलू नकोस. माझ्यासाठी."

काकूंनी हात सोडवून घेतले आणि काठी उचलली. "बरं," म्हणाल्या. "नाही बोलत."

पुढच्या वर्षी काकू आल्या नाहीत, आणि आता येणारही नाहीत. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर त्या राहिल्या आहेत त्या त्याच दुपारच्या. जांभळी इरकल, पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात. डिनी भाषणाला उभा राहिला. समितीच्या अथक संशोधनातून, असं त्यानं सुरू केलं. मी मिलिंदकडे पाहिलं, मिलिंद जमिनीकडे बघत होता. आमच्या समितीची दूरदृष्टी, डिनी म्हणाला. आमच्या समितीचा चिकाटीचा स्वभाव. गणपतीचे दोन हात उजवे करून देणारी, चहा वाटत फिरणारी, चार पानं लिहिणारी ती बाई त्याच्यापासून दहा फुटांवर बसली होती, आणि तिच्याकडे त्यानं एकदा फक्त मान हलवून स्मित केलं. काकूंना मात्र त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. स्वतःचं नाव ऐकायला त्या आल्याच नव्हत्या. त्यांचे डोळे पाटीवरच्या फडक्यावर होते.

डिनीनं फडकं ओढलं. नवी पितळी पाटी चमकली. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवली: "चित्रकार, मिसेस एडमंड लॅम्बर्ट."

टाळ्या झाल्या. चांगल्या जोरात झाल्या. लोकांना वाटलं, न्याय झाला. तीन उन्हाळे, अंगठा, टाचणी, छप्पर, डब्लिनची तज्ज्ञ, सगळं होऊन पाटीवर पुन्हा एडमंडच! पितळेत कोरलेला! बायकोच्या वाट्याला फक्त सहीतली तीन अक्षरं आली, आणि तिचं नाव अजून टॉयलेटच्या पॅसेजमध्येच राहिलं.

काकू टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, काठी दोन्ही हातांनी आवळलेली. मुलाला दिलेला शब्द त्या कशा पाळत होत्या ते मला दिसत होतं. डोळे भरले होते, आणि त्यांना ते पुसायचेही नव्हते, कारण पुसलं असतं तर तेही बोलल्यासारखंच झालं असतं.

मागे दाराशी कपबश्यांचा ट्रे धाडकन टेबलावर आदळला. काकूंनी मान वळवली, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की तो मी आधी कधी पाहिला नव्हता. सगळं सभागृह वळलं. एरवी चार शब्दांवर पाचवा न बोलणारी ब्रीडा दारात उभी होती, एप्रनवर, लालबुंद, आणि अख्ख्या गावासमोर अध्यक्षांवर ओरडत होती:

"तिचं नाव सोफिया होतं, डिनी! नवऱ्याचं कुणी विचारलंय तुला?"